वैजू, तुझ्या लेन्सवरची पट्टी

वैजू, तुझी कॅमेऱ्याची बॅग माझ्या घरी आली आहे. तू जाऊन अजून महिनाही झाला नाही, त्यामुळे ती माझी झाली असं काही म्हणवत नाही. आली आहे, एवढंच. मुलुंडच्या आमच्या हॉलमधल्या त्या वेताच्या खुर्चीवर ठेवली आहे. रविवारी खाडीवरून परतताना तू तिथेच बसायचीस, आणि बूट बाहेर काढ म्हणून कितीदा सांगितलं तरी चिखलासकट आत यायचीस. त्या खुर्चीत सध्या घरातलं कुणी बसत नाही, बॅगच बसते.

तुझ्या दहाव्याला मी आले होते. सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते आणि मी सवयीने ऊन कुठून येतंय ते बघत होते. कावळा नेमका उन्हाच्या बाजूने आला, म्हणजे फोटो काढायचा म्हटलं असतं तर नुसता काळा ठिपका मिळाला असता. आला आणि लगेच शिवला. अनंत भाऊजी म्हणाले, "हिने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही." तेव्हा मला तुझ्याशी भांडावंसं वाटलं. नवऱ्याला नसेल ठेवलंस, मला ठेवलंस. एका गोष्टीचं उत्तर तू मला दिलं नाहीस, आणि आता ते मी कुणाकडे मागू?

तुला कळलं होतं का, वैजू? एवढंच विचारायचं होतं. पोटाचं ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली, आणि डॉक्टरांनी भाऊजींना एका बाजूला घेऊन सांगितलं की आता हातात फार दिवस नाहीत. भाऊजींनी ते तुला सांगितलं नाही. आपल्याकडे सांगतच नाहीत, माणूस हाय खातं म्हणतात. ते मला येऊन सांगितलं आणि वर तुझी शपथ घातली. मग आम्ही दोघं तुझ्यासमोर "आता बरं वाटेल" असं म्हणत हिंडलो. मी, जिने आयुष्यभर तुझ्याशी 'जे आहे ते दिसलं पाहिजे' म्हणून वाद घातला, तीच मी.

तो वाद आपण कशावर घातला हे बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. एका काचेवर. पोलरायझर म्हणतात ती, लेन्सच्या तोंडावर बसवायची. तिची बाहेरची रिंग फिरवली की पाण्यावरची चमक कमी होत जाते आणि पाण्याखालचं दिसायला लागतं. अजून फिरवली की चमक परत येते. दोन पेन्शनर बायकांना वर्षानुवर्षं भांडायला एवढी वस्तू पुरली.

मी ती घ्यायला घाटकोपरच्या दुकानात गेले तेव्हा तू बरोबर होतीस. ऑफिस सुटल्यावर गेलो होतो. विम्याच्या त्या ऑफिसात आपली टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे एकीला काही घ्यायचं म्हटलं की दुसरी असायचीच. फिल्टर मला घ्यायचा होता, तू फक्त अडवायला आली होतीस. दुकानदाराने साइज विचारली आणि मी ऐटीत म्हटलं, "तीनशे." लेन्सवर मोठ्या अक्षरात तीनशे लिहिलं होतं, मला काय माहीत तो आकडा लांबचं किती जवळ दिसतं त्याचा असतो, तोंडाच्या मापाचा नसतो.

"तीनशेचा फिल्टर म्हणजे जेवणाची थाळी होईल मॅडम," तो म्हणाला. "झाकणाच्या आत बघा, तिथे लिहिलंय."

तू काउंटरला धरून हसत होतीस. नंतर ऑफिसात सहा महिने मला थाळी म्हणायचीस.

त्याने दोन ठेवले समोर, एक स्वस्त, एक महाग. स्वस्तातल्याने कॅमेऱ्याचा ऑटोफोकस गंडतो, म्हणाला, महागातला घ्या. तू महागातला उचललास आणि त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर धरून गोल गोल फिरवलास. काहीच होईना. "चकवतोय हा," तू मला म्हणालीस, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. त्याने तुझ्या हातातून काच घेतली, उलटी केली, परत दिली. तू फिरवलीस आणि स्क्रीन काळी झाली. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग तू तीच काच काउंटरवर तिरकी धरून फिरवलीस. काउंटरच्या काचेवर ट्यूबलाइटची चमक पडली होती, ती हळूहळू विरघळली आणि खालची किमतीची चिठ्ठी स्वच्छ दिसायला लागली.

"बघ," तू म्हणालीस, "म्हणून नको म्हणते मी. चमक होती तेच बरं होतं."

मी घेतलाच. आणि पुढे जे काही सुरू झालं ते तू अंथरुणाला खिळेपर्यंत संपलं नाही. भांडुपची मिठागरं, खाडीकडे जाणारा तो रस्ता, दोन्ही बाजूंची तळी. तू आदल्या रात्री तिथी बघून ठेवायचीस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे तुझ्या आजोबांनी तुला मालवणात शिकवलं होतं, आणि मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं हे मी शंभरदा सांगूनही तू पाऊणपटच करायचीस. "पंचमी आहे. उजाडेपर्यंत पाणी उतरायला लागेल. लवकर ये गो." आणि मी मुलुंडहून रिक्षा करून यायचे. तू आधीच बसलेली असायचीस, मांडीवर कॅमेरा, बाजूला चहाचा थर्मास.

मी रिंग फिरवायचे. पाण्यावरचं आभाळ पुसलं जायचं आणि ढोकरी बगळ्याच्या पायाशी निवट्या दिसायच्या, चिखलात पंखांवर सरकणारे ते मासे, खेकड्याची बिळं, ढोकरी नेमकं काय टिपतेय ते. मला ते आवडायचं. पक्षी कुठे उभा आहे हे कळलं पाहिजे, असं मी म्हणायचे. तू नाक मुरडायचीस.

"पाण्यात सोनां पडलां काय गो? आपल्या खाडीत खाली बघण्यासारखं काय आहे? पिशव्या, बाटल्या. चमक आहे म्हणून तळं दिसतं. काढलीस की नाला दिसतो."

"नाला असेल तर नाला दिसू दे."

"कुणाला? त्या ढोकरीला माहीत आहे ती कुठे उभी आहे ते."

यावर मी रिंग आणखी थोडी फिरवायचे. शिवाय तुझा दुसरा मुद्दा असायचा की ही काच उजेड खाते. ते खरंच आहे. पहाटे आधीच उजेड कमी, त्यात ही काच लावली की फोटो हलतो, नाहीतर त्यात दाणे येतात. आणि तिसरा मुद्दा, ज्यावर तू पोट धरून हसायचीस. पक्ष्याने मान वर काढली की आपण घाईघाईने कॅमेरा उभा करतो. कॅमेऱ्याबरोबर काचही फिरते, आणि घालवलेली सगळी चमक एकदम परत येते. मग परत रिंग शोधा, परत फिरवा. तोवर पक्षी खाडीपलीकडे ऐरोलीला. माझी ही चूक इतक्या वेळा झाली की तू आधीच सांगायला लागलीस: "आता ही उभा करणार. केला. वाट लागली."

तू रिटायर झालीस तेव्हा मी तुला मुद्दाम तसलाच फिल्टर दिला. साइज विचारून, झाकणाच्या आत बघून. तू डबी उघडलीस, बघितलंस आणि म्हणालीस, "रवांदे." असू दे. तुझा हा शब्द सगळ्यावर चालायचा. नको असलं तरी रवांदे, रडायला आलं तरी रवांदे. पुढे कधी विचारलं की फिल्टर कुठे आहे, तर म्हणायचीस, ठेवलाय कुठेतरी डब्यात. मी मनातल्या मनात चिडायचे. शेवटी मीच विचारणं सोडून दिलं.

मग हे सगळं झालं. औषधांमुळे केस गेले, तू डोक्याला फडकं बांधायला लागलीस. डॉक्टर म्हणाले, बरं वाटेल त्या दिवशी फिरू द्या. भाऊजी रिक्षाने तुला सोडायचे, दूर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे आणि परत न्यायचे. या हिवाळ्यात आपण किती वेळा गेलो ते मी मोजलेलं नाही. दरवेळी वाटायचं ही शेवटची, आणि दरवेळी तू पुढची तिथी सांगायचीस.

मला काही गोष्टी खटकल्या होत्या. तुझ्या फोटोंत दाणे यायला लागले होते. मी विचारलं, उजेडासाठी कॅमेऱ्याचा आयएसओ का चढवतेस एवढा, तर म्हणालीस, कॅमेऱ्याचं वय झालं. एकदा तुझ्या फोटोत पाण्याखालचा चिखल पुसटसा दिसत होता आणि वर आभाळही होतं. मी म्हटलं, अगं, हे कसं आलं? तू म्हणालीस, आज ढग आहेत ना. एकदा थर्मासचं झाकण तुझ्या हातातून सुटलं, गरम चहा बोटांवर सांडला आणि तू हात झटकलाही नाहीस. मीच ओरडले. तू शांतपणे पदराने पुसलंस. आणि एक गोष्ट तर मला चक्क झोंबायची. मी रिंगशी झटापट करत असायचे आणि तू कॅमेरा आडवा, उभा, परत आडवा, अशी खटाखट फोटो काढत सुटायचीस. मला वाटायचं, हिला काय, काच नाही, कटकट नाही. तुझ्या लेन्सवर तो लांब हूड असायचा, उन्हाची तिरीप अडवायला. त्यात डोकावून बघायची बुद्धी मला झाली नाही.

शेवटची सकाळ तुला आठवत असेल. मी ठरवून आले होते. शपथ गेली खड्ड्यात, हिला विचारायचंच. कॅमेरा खाली ठेवला आणि म्हटलं, "वैजू, मला तुझ्याशी बोलायचंय." तू डोळा कॅमेऱ्याला लावूनच होतीस. म्हणालीस, "माका सगळां दिसता गो. रवांदे. तो बघ आला." समोर खंड्या येऊन काठीवर बसला होता. मी कॅमेरा उचलला, सवयीने उभा केला, पाणी पांढरंफटक झालं, आणि मी रिंग शोधेपर्यंत तो उडून गेला. तू हसलीस, मग खोकलीस, मग भाऊजी आले. त्यानंतर तू खाडीवर आली नाहीस. हॉस्पिटलात तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि मी तुझा हात धरून बसले होते. बोलायची वेळ तोवर टळून गेली होती.

मला वाटलं, तू मला अडवलंस. वाटलं, तुला काही कळलेलं नाही आणि खंड्या दिसतो म्हणून तू बोलते आहेस. आणि त्याहून वाईट म्हणजे मधूनच असंही वाटायचं की तुला सगळं कळलं असेल, तू एकटीनेच ते घेऊन बसली असशील, आणि आम्ही दोघं तुझ्या दोन बाजूंना उभे राहून खोटं बोलत असू. हा विचार आला की मला रात्री जेवण जात नाही.

गेल्या आठवड्यात भाऊजी बॅग घेऊन आले. म्हणाले, "ताई, हे तुम्हीच वापरा, माझ्याच्याने ते उघडून बघवत नाही." चहा घेतला. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, तिला कळलं होतं का हो? तुमच्याशी काही बोलली?"

मी म्हटलं, "नाही." दुसरं काय सांगणार होते? त्यांनी कप बाजूला सारला. "मी सांगायला हवं होतं," म्हणाले. "आमच्यात सांगत नाहीत. पण सांगायला हवं होतं."

त्यांच्यासमोरच मी बॅग उघडली. तुझी लेन्स काढली, हूड फिरवून वेगळा केला, आणि आत माझा फिल्टर. तोच, रिटायरमेंटचा. त्याच्या रिंगवर पांढऱ्या कागदी पट्टीचा तुकडा आडवा चिकटवलेला, हॉस्पिटलात सलाइनची सुई हलू नये म्हणून लावतात त्या पट्टीचा. रिंग हलता कामा नये अशी घट्ट बसवलेली.

"ही मीच कातरून दिली," भाऊजी म्हणाले. "दिवाळीच्या सुमारास. मला वाटलं काच तडकलीय. तिच्या बोटांना काही कळायचंच नाही ना. औषधांनी बधिर झाली होती. भाजी चिरताना कापायची आणि रक्त दिसल्यावर कळायचं. ब्लाउजचे हुक मी लावून द्यायचो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. हे तू मला सांगितलं नाहीस. भाऊजी गेल्यावर मी तुझा कॅमेरा घेऊन खिडकीत उभी राहिले. रिंग कुठे चिकटवली आहेस ते बघितलं. चमक पूर्ण जाते तिथे नाही, पूर्ण राहते तिथेही नाही. निम्म्यावर. आणि खरं सांगते, वैजू, मला राग आला. वाटलं, शेवटपर्यंत हट्ट. घेतलास तर घेतलास, तोही धड वापरला नाहीस. अर्धवट.

आज पंचमी होती. मी पाऊणपट करून बघितली, तुझी वेळ बरोबर आली. एकटीच गेले. उन्हाळा लागलाय, मिठागरांवर आत्ताच तापायला लागतं. आपल्या जागेवर बसले आणि तुझा कॅमेरा डोळ्याला लावला. समोर ढोकरी होती. पाण्यावर आभाळ होतं, फिकट, आणि त्याच्या खाली चिखल होता. चिखलात एक निवटी होती, आणि तिच्या शेजारी बिस्किटाच्या पुड्याचा कागद. तू म्हणत होतीस तेही होतं आणि मी म्हणत होते तेही.

ढोकरीने मान वर काढली. मी सवयीने कॅमेरा उभा केला. हातही सवयीने रिंगकडे गेला आणि बोटाला पट्टी लागली. मी मनाची तयारी केली की आता पाणी पांढरं होणार, आता वाट लागणार. काही झालं नाही. आभाळ होतं तेवढंच होतं, चिखल होता तेवढाच होता. मी कॅमेरा आडवा केला. तेच. परत उभा केला. तेच. ढोकरी केव्हाच उडाली आणि मी वेड्यासारखी कॅमेरा उभा-आडवा करत बसले होते. शेजारी मासे पकडायला आलेला एक माणूस माझ्याकडे बघत होता.

मग डोक्यात उजेड पडला. रिंग बरोबर मध्यावर असली, तर कॅमेरा कसाही धरा, निम्मी चमक जाते आणि निम्मी राहते. इतकी वर्षं ती काच वापरून, तिच्यावर तुझ्याशी इतकं भांडून, हे मला कधी सुचलं नाही. बोटांना रिंग कळेनाशी झाली तेव्हा तू ती एकदाच योग्य जागी लावलीस, नवऱ्याकडून पट्टी कातरून घेतलीस आणि विषय संपवलास. आणि मला सांगितलं नाहीस, कारण मी म्हटलं असतं, बघ, शेवटी लावलास ना. म्हटलंच असतं.

आणि मग मला जरा रडू आलं आणि जरा हसू आलं. जी बाई आख्खा हंगाम माझ्या नाकासमोर फिल्टर लपवून बसली, बधिर बोटं लपवून बसली, आणि वर मला ढग आहेत म्हणून सांगत राहिली, तिच्यापासून आम्ही दोघं डॉक्टरांचे रिपोर्ट लपवत होतो. काय पण शहाणे आम्ही. तू म्हणालीस, माका सगळां दिसता. तुला दिसत होतं, गं. आम्ही काय धरून उभे आहोत तेही दिसत होतं. आम्हाला तेवढी चमक लागते, हे ओळखून तू ती राहू दिलीस.

तरी मला तू बोलायला हवी होतीस. हे मी लिहून ठेवते, कारण तू गेलीस म्हणून मी वाद सोडणार नाही. एकदा तरी कॅमेरा खाली ठेवायचास. माझ्याकडे बघायचंस. मी रडले असते, तू गप रव गो म्हणाली असतीस, आणि तेवढ्याने माझं पुढचं सगळं आयुष्य सोपं झालं असतं. नाही केलंस. ठीक आहे. जे केलंस त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि जे केलं नाहीस त्याबद्दल अजून रागावलेली आहे, आणि हे दोन्ही असंच राहणार आहे.

पट्टीचं एक टोक सुटायला लागलंय. आपली हवाच दमट, किती दिवस टिकणार? नवी लावावी लागेल, तिथेच, त्याच खुणेवर. उद्या भांडुपला भाऊजींकडे जाते. उरलेलं भेंडोळं त्यांच्याकडे असेलच, त्यांनाच कातरून द्यायला सांगते. त्यांनी त्या दिवशी विचारलं होतं त्याचं मी नाही म्हणून उत्तर दिलं होतं, ते चुकलं, हेही सांगायचंय. कसं सांगू ते अजून ठरवलेलं नाही. कॅमेरा बरोबर नेते. त्यांच्या घराखालच्या डबक्यापाशी त्यांना उभं करते आणि डोळ्याला लावून बघायला सांगते. आडवा धरून बघू देत, उभा धरून बघू देत.